माठाला टिचकी, फुलदाणीला मान

आमच्या हुबळी-धारवाडातल्या काही दिवाणखान्यांत हल्ली शोकेसमध्ये निळ्या-पांढऱ्या नक्षीची एक फुलदाणी असते. आलेल्या-गेलेल्याला सांगितलं जातं, ‘अँटिक आहे बरं का, अस्सल डच!’

माझा राग फुलदाणीवर नाही. वस्तू देखणीच आहे. राग आहे तो ‘अस्सल’ या शब्दावर.

डेल्फ्ट हे हॉलंडमधलं गाव. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं ‘सांता कातारिना’ हे जहाज पकडलं आणि लुटीतली चिनी भांडी अ‍ॅमस्टरडॅमला लिलावात काढली. श्रीमंतांना त्यांचं वेड लागलं. १६४४ मध्ये चीनमधली मिंग राजवट कोसळली, माल येईनासा झाला, आणि डेल्फ्टच्या कुंभारांचा नकलेचा धंदा जोरात चालू झाला. चिन्यांची पांढरी माती त्यांच्याकडे नव्हती. मग साध्या मातीचं भांडं भाजायचं, त्यावर कथलाची पांढरी झिलई चढवायची, कोबाल्टच्या निळ्या रंगानं नक्षी काढायची आणि पुन्हा भाजायचं. काठाचा टवका उडाला की आतली पिवळट माती दिसते. कसब मोठंच, झिलई रंग लगेच शोषून घेते, चुकलेली रेघ पुसता येत नाही. पण मूळ चीनचं ते चीनचंच.

आपल्या आज्या-पणज्या याबाबतीत सरळ होत्या. लोणच्याच्या बरणीला त्या ‘चिनी मातीची’ म्हणायच्या. ज्याचं त्याला श्रेय!

कुणी म्हणेल, डच तर आपल्या वेंगुर्ल्यालाही होते. होते ना, १६३७ पासून वखार होती. तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. पण ते आले व्यापाराला. तेवढ्यावर बाजारातून आणलेली फुलदाणी आपला वारसा कशी होईल? आणि जिच्या बुडाशी ‘मेड इन हॉलंड’ लिहिलंय, तिला तीनशे वर्षांची म्हणणाऱ्यांना काय म्हणावं? सतराव्या शतकातला डच कुंभार इंग्रजीत कशाला लिहील, बाई?

खरं खुपतं ते पुढेच. धारवाडहून खानापूर काही परदेशात नाही. तिथल्या मातीचं, तिथल्या कुंभारकामाचं नाव आहे. पण माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, कान लावतो, दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वर म्हणतो, ‘मातीचं तर आहे!’ फुलदाणीला मात्र मुकाट्यानं हजारो रुपये मोजतो. टिचकी मारायचं धाडस होत नाही. अहो, तीही मातीचीच आहे!

आवडली तर जरूर घ्या. पण विकणाऱ्याला वय विचारा, बूड उलटं करून बघा. आणि कुंभारणीनं सांगितलेला भाव एकदा तरी न कुरकुरता द्या. तिनं कुणाची नक्कल केलेली नाही.