रिपोर्टवरचा लाल आकडा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली सून सासूला घेऊन माझ्याकडे आली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी उभी हयात गेली, त्यामुळे वस्तीतले रिपोर्ट फिरतफिरत माझ्याच ओट्यावर येतात. सून काही बोलेना. सासू म्हणाली, "सिस्टरबाई, लेकरू मतिमंद हाय म्हनते रिपोर्टात. परवा पिशवी साफ करून घेतो."

रिपोर्ट एका खासगी प्रयोगशाळेचा, सगळा इंग्रजीत. खाली लाल शाईने वर्तुळ केलेला आकडा होता : १:१८०. रिपोर्ट देणाऱ्याने तो दाखवून एवढंच सांगितलं होतं की "रिस्क जास्त आहे, डॉक्टरांना भेटा." डॉक्टरांना भेटण्याआधीच घरात निर्णय होऊन गेला होता.

भगिनींनो, १:१८० म्हणजे काय ते नीट समजून घ्या. असा आकडा आलेल्या १८० बायका एका ठिकाणी बसवल्या, तर त्यातल्या साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो. उरलेल्या १७९ जणींच्या बाळांना तो नसतो. बऱ्याच प्रयोगशाळा १:२५० च्या आसपास रेघ मारतात आणि त्या रेघेच्या अलीकडे आलं की "हाय रिस्क" लिहून मोकळ्या होतात. ही चाळणी आहे. पुढची तपासणी कोणाची करायची ते तिने ठरतं; बाळात काय आहे ते तिने ठरत नाही.

आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. २१ व्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रं आली की त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. हे बहुतेक वेळा पेशी तयार होताना अचानक घडतं. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते, पण विशीतल्या आईलाही असं बाळ होऊ शकतं. ग्रहणात विळी धरल्याने, पपई खाल्ल्याने किंवा गेल्या जन्मीच्या पापाने हे होत नाही. हे सगळं आपण कधीच सोडून दिलं असं आपण म्हणतो, आणि घरात रिपोर्ट आला की सगळ्यात आधी सुनेलाच विचारतो, "काय खाल्लं होतं?"

मी त्या पोरीला शेवटच्या पाळीची तारीख विचारली. तिला नक्की आठवेना. फॉर्मवर कोणीतरी अंदाजाने १८ आठवडे लिहून टाकले होते. तिसऱ्या महिन्यात माहेरी असताना सोनोग्राफी केली होती, तो कागद माहेरीच पडला होता. भावाने मोबाइलवर फोटो पाठवला. त्या हिशेबाने रक्त घेतलं त्या दिवशी १६ आठवडे भरले होते. दोन आठवड्यांचा फरक. चौथ्या-पाचव्या महिन्यात जी क्वाड्रुपल मार्कर तपासणी होते तिच्यात रक्तातल्या चार घटकांचं प्रमाण आठवड्यांशी ताडून बघतात. दिवस जास्त धरले की काही घटक उगाच कमी दिसतात, एखादा उगाच जास्त दिसतो आणि आकडा चढतो. प्रयोगशाळेने योग्य तारखेवर हिशेब पुन्हा केला. रक्त तेच, आकडा आला १:१४००.

म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, पण ठेवा.

प्रत्येक वेळी आकडा असा खाली येणार नाही, हेही सांगते. तारीख बरोबर असेल आणि तरी शक्यता जास्त आली, तर पुढची पायरी आहे. एक एनआयपीटी. हीसुद्धा आईच्याच रक्ताची तपासणी, दहाव्या आठवड्यापासून होते, डाऊन सिंड्रोम ओळखण्यात बरीच अचूक आहे. पण खासगीत तिला हजारो रुपये लागतात, आणि तीही चाळणीच आहे. तिच्यात सापडणारे अंश वारेतून आलेले असतात, थेट बाळाचे नसतात. वय कमी असलेल्या बाईत "पॉझिटिव्ह" आलं तरी बाळाला ते नसण्याची शक्यता बरीच उरते. खात्री करायची तर गर्भजल तपासणी, साधारण सोळाव्या आठवड्यापासून. सुई पोटातून जाते, गर्भपाताचा धोका शंभरात एकाहून कमी. मुलगी आहे का ते बघण्यासाठी हीच तपासणी वापरली गेली, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. त्यामुळे नाव काढलं की आजही लोक दचकतात. गुणसूत्रांसाठी ती कायदेशीर आहे. मात्र आधी धोके समजावून, बाईला समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घ्यायची आणि तिची प्रत तिला द्यायची, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. प्रत मागून घ्या.

माझं मत सांगते. चाळणीच्या रिपोर्टवर एकाही बाईचा गर्भ काढला जाऊ नये. आणि रक्त घेण्याआधी पाच मिनिटं मराठीत बोलायला ज्याला वेळ नाही, त्याला रक्त घ्यायचा अधिकार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी होते. तिथेच, तिसऱ्या महिन्याच्या आत, "डबल मार्कर करायची का, इथे होते का, नाही तर कुठे?" असं विचारा. ती ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफीबरोबर होते. पाचव्या महिन्यात धावपळ केली तर गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा तोंडावर येते. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने.

तपासणी करायचीच नाही, असंही बाई म्हणू शकते. डाऊन सिंड्रोमची मुलं हळू शिकतात, निम्म्या बाळांना हृदयाचा त्रास असतो, पण वेळेवर उपचार मिळाले तर ती शाळेत जातात, कामही करतात, साठीपर्यंत जगणारी माणसं आहेत. त्यांना वाढवायला पैसा आणि माणूसबळ लागतं, हेही खरं. ज्या घरात दोघं रोजीला जातात त्या घराला ते कसं जमेल हे बाहेरच्याने सांगू नये. गर्भ ठेवायचा की नाही यावर सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. सासूचीही नाही.

जाताजाता विदर्भातल्या घरांसाठी. सिकलसेल या कुठल्याच मार्कर तपासणीत दिसत नाही. तो जनुकाचा आजार आहे आणि आपल्या समाजात त्याचे वाहक पुष्कळ आहेत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक बाळ आजारी होण्याची शक्यता असते. त्याचं रक्त सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. एनआयपीटीला पैसे जमवणाऱ्या एका जोडप्याला मी हे विचारलं, तर दोघांनीही सिकलसेल कधी तपासलाच नव्हता.

ती सून आता बाळंत होऊन माहेरी गेली आहे. जाताना तिने तो सोनोग्राफीचा कागद लॅमिनेट करून नेला. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, "राहू द्या मावशी, नणंदेला दाखवायचा हाय."