वंशावळीतील कोरी जागा

देवालयाभोवती नांदणाऱ्या आपल्या समाजात कुलवृत्तांत छापण्याची हौस जुनी आहे. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास कसा आणला, मूळपुरुष कोण, गोत्र कोणते, हे सर्व त्यात अभिमानाने नमूद असते. परंतु जिने देवापुढे गायन-नर्तन केले आणि ज्या यजमानाशी संबंध जुळला त्याच्या घराण्याला संतती दिली, त्या कलावंतिणीचे नाव त्या पानांत शोधूनही सापडत नाही. हा विसर नव्हे; ही लपवाछपवी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेंसविधीने मुलगी देवसेवेस वाहिली जाई. पुढे एखादा धनिक तिचा यजमान होई. त्यांच्या मुलांना बापाचे ना आडनाव मिळे, ना गोत्र, ना वडिलार्जित वाटा. महाजनपद तर दूरच. एकाच रक्ताची दोन घरे एकाच देवळाच्या सावलीत राहिली. एक सोवळ्यात गर्भगृहापाशी, दुसरे सभामंडपात.

त्यांपैकी दुसऱ्या घराने बोलण्याचे धैर्य केव्हाच दाखविले. राजाराम पैंगीणकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असेच नाव दिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गायनाने गोमंतकाची कीर्ती देशभर गेली, तेव्हा ‘आपल्या गोव्याच्या’ म्हणून आम्ही मान ताठ केली. मग कलावंत घराण्यांशी असलेले रक्ताचे नाते सांगताना तीच मान खाली का जाते?

कोणी म्हणतील, जुनी मढी कशाला उकरता? सोयरिकी मोडतील. सोयरिकी मोडण्याचे दुःख आजवर एकाच घराने सोसले, याची आठवण त्यांना करून द्यावीशी वाटते. कलावंत घराण्यांतील कोणाचे मूळ बाहेरच्याने उघड करावे, असे आमचे म्हणणे नाही. तो अधिकार सर्वस्वी त्यांचा. आमची मागणी यजमान घराण्यांकडे, म्हणजे आपणांपैकी पुष्कळांकडे आहे. ज्यांनी लपविले, त्यांनीच उघड करावे.

‘शुद्ध रक्ता’ची ढालही आता कामास येणार नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ७३ समाजगटांच्या जनुकीय अभ्यासात असे दिसून आले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या भूमीत निरनिराळ्या वंशांचा मोठा संकर झाला आणि त्यातून जवळजवळ कोणताही गट सुटला नाही. ज्या शुद्धतेसाठी एका पणजीचे नाव खोडले, ती शुद्धता मुळात नव्हतीच.

म्हणून कुलवृत्तांताची पुढची आवृत्ती काढणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच: तिचे नाव ठाऊक असेल तर ते मूळपुरुषाच्या वंशजांत लिहा. ठाऊक नसेल तर ‘एक कलावंतीण, नाव आम्ही जपले नाही’ असे लिहा. देवाला हे सारे ठाऊकच आहे. ते ठाऊक व्हायचे आहे, ते आपल्या नातवंडांना.