दप्तरातील पिस्तूल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १ ऑगस्ट २०१६ रोजी एक कायदा अमलात आला. शस्त्रपरवाना असलेल्या व्यक्तीस सरकारी विद्यापीठाच्या आवारात आणि बहुतेक वर्गांतही पिस्तूल बाळगण्याची मुभा या कायद्याने दिली. ते मात्र दडवलेले असले पाहिजे. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, चार्ल्स व्हिटमन या विद्यार्थ्याने ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून बेछूट गोळीबार करून डझनाहून अधिक माणसे मारली होती. योगायोगातील हा क्रूरपणा बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच. अशी मुभा आता दहाहून अधिक राज्यांत असून वेस्ट व्हर्जिनियात ती जुलै २०२४ पासून लागू झाली आहे.

बंदूकवेड म्हणून ही मागणी झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांचे प्राण घेतले. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. त्या आवारात शस्त्रबंदीचा नियम होता. नियम पाळणारे निःशस्त्र राहिले आणि तो मोडणारा एकटाच सशस्त्र ठरला, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. १९६६ साली काही नागरिकांनी आपल्या रायफलींनी मनोऱ्याच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि त्यामुळे व्हिटमनला कठड्याआड दडावे लागले, हेही ते दाखवून देतात. ते खरे आहे.

परंतु त्या दिवशी मारेकरी कोठे आहे हे साऱ्या शहराला दिसत होते. तरीही मनोऱ्यावर चढलेल्या पोलिसांना खालून येणाऱ्या नागरिकांच्या गोळ्यांपासून स्वतःला सांभाळावे लागले. बंद वर्गात, धावपळीत, हाती पिस्तूल घेतलेल्या दोघांपैकी रक्षक कोण आणि हल्लेखोर कोण हे पोलिसांनी कसे ओळखावे? ओरेगॉनमधील अम्प्क्वा कॉलेजात २०१५ साली नऊ जण मारले गेले, तेव्हा आवारात एक सशस्त्र विद्यार्थी होता आणि तो माजी सैनिक होता. पोलीस आपल्यालाच मारेकरी समजतील, हे ओळखून त्याने पुढे न जाण्याचा शहाणपणा दाखवला. टेक्सास विद्यापीठ-समूहाचे तत्कालीन प्रमुख विल्यम मॅक्रेव्हन यांनीही या कायद्याला विरोध केला होता. ओसामा बिन लादेनविरुद्धच्या २०११ मधील मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या या निवृत्त अ‍ॅडमिरलला शस्त्रांची भीती वाटत होती, असे कोणी म्हणू धजणार नाही.

शिवाय सामूहिक हत्याकांड हा विद्यापीठाच्या जीवनातील विरळा प्रसंग असतो. नापास होणे, प्रेमभंग, मद्य आणि एकाकीपणा हे मात्र तेथील रोजचे सोबती आहेत. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० बळी घेतले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. विषाचा किंवा गोळ्यांचा घोट घेतलेला तरुण पुष्कळदा वाचतो. पिस्तूल सहसा दुसरी संधी देत नाही. अपघातांचे म्हणावे, तर आयडाहो राज्यात २०१४ साली ही मुभा मिळून दोन-तीन महिने होतात तोच एका प्राध्यापकाच्या खिशातील पिस्तूल वर्गातच उडाले आणि त्याचाच पाय जखमी झाला.

याहूनही खोल इजा वादविवादाला होते. वर्ग म्हणजे जिथे गुरूने शिष्याला चूक दाखवावी, शिष्याने गुरूशी भांडावे आणि दोघांनीही निर्धास्तपणे घरी जावे, अशी जागा. कोणाच्या दप्तरात काय आहे याचा अंदाज घेत जो कमी गुण देतो, तो शिक्षक उद्या गुण देताना हात सैल सोडील आणि परवा वादग्रस्त विषयच टाळील. ऑस्टिन येथील वास्तुशास्त्र विभागाचे अधिष्ठाता फ्रेडरिक स्टायनर यांनी २०१६ साली विद्यापीठ सोडले, त्यामागे हा कायदा हे एक कारण होते.

घटनादत्त हक्काचा दाखला या वादात वारंवार दिला जातो. त्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा मसुदा जेम्स मॅडिसन यांचा. तेच मॅडिसन आणि टॉमस जेफर्सन ऑक्टोबर १८२४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या बैठकीस उपस्थित होते आणि विद्यार्थ्यांनी आवारात कोणतेही शस्त्र बाळगू नये, असा नियम त्या मंडळाने केला. पुढे १८४० साली याच विद्यापीठात मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याने कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस यांना गोळी घातली आणि त्यात त्यांचा अंत झाला. नियम मोडला गेला, हे उघड आहे. पण त्यावरून प्राध्यापकांच्या हाती पिस्तुले देण्याचा धडा विद्यापीठाने घेतला नाही. दोन वर्षांनी त्याने विद्यार्थ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारी सचोटीची शपथ सुरू केली. शस्त्र हा व्यक्तीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली म्हटले. मात्र शाळांसारख्या संवेदनशील ठिकाणच्या बंदीला त्याच निकालात धक्का लावला नाही.

टेक्सासच्या कायद्याने खाजगी विद्यापीठांना नकार देण्याची सवलत ठेवली. बेलर, राइस, सदर्न मेथॉडिस्ट यांच्यासह जवळजवळ सर्वांनी ती वापरली. त्याच राज्यात, त्याच समाजात वावरणाऱ्या या संस्थांनी, विचारले गेले तेव्हा नको म्हटले. सरकारी विद्यापीठांना तो प्रश्न विचारलाच गेला नाही. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत तीन लाख तीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यांत महाराष्ट्रातील मुलामुलींचा वाटा मोठा आहे, तेव्हा आपल्यालाही हा वाद परका नाही. खाजगी संस्थांना दिलेला विवेक सरकारी संस्थांपासून हिरावून घेण्याला कोणतेही सयुक्तिक कारण नाही. आपल्या आवारात शस्त्र असावे की नसावे हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाने विद्यापीठांना परत करावा, हेच उचित ठरेल.