गोयाव गोड, पण रान कोणाचे?

गोयाव-द-शिनचा हंगाम आला की आपल्या मॉरिशसच्या डोंगरात जत्राच भरते. पिशव्या, बादल्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पेत्रेनला, प्लेन शांपान्यला निघतात. आम्हां वर्गातल्या मुलांनाही ही फळे मीठ-मिरची लावून फार आवडतात. पण हेच झाड ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातल्या दुर्मिळ वनस्पतींच्या मोठ्या शत्रूंपैकी एक आहे. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

हे उद्यान १९९४ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,५७४ हेक्टर आहे. इथे फुलझाडांच्या तीनशेहून अधिक स्थानिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कोठेही उगवत नाहीत. डच वसाहत १६३८ साली झाली, तेव्हापासून आधी एबनीसाठी आणि पुढे उसासाठी रान तुटत गेले. आज चांगले मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

या उरलेल्या रानात गोयाव शिरला आहे. नाव चिनी असले तरी तो मूळचा ब्राझीलचा. तो इतका दाट वाढतो की खाली ऊन पोहोचत नाही. स्थानिक झाडाचे बी रुजले तरी रोप जगत नाही. माकडे आणि रानडुकरे फळे खातात व बी दूरवर पसरवतात.

एक झाड गेले की एकटे जात नाही. प्लेन शांपान्यच्या भागात ट्रोकेशियाची एक जात आहे, आपल्या राष्ट्रीय फुलाची बहीणच. तिच्या फुलातला मध हिरवी पाल चाटते आणि परागकण नेते. ही पाल लपते वाक्वाच्या काटेरी पानांत. वाक्वा म्हणजे आपल्या केवड्याचा भाऊबंद. वाक्वा गावाचे नाव त्यावरूनच पडले. २००७ साली संशोधकांनी दाखवून दिले की वाक्वाच्या जवळच्या ट्रोकेशियाला जास्त फळे धरतात. म्हणजे वाक्वा गेला तर पालीचा आडोसा जातो, आणि त्याचा फटका फुलाला बसतो.

क्युरपीपच्या बागेत एक ताडाचे झाड आहे. त्याच्या जातीचे दुसरे झाड जगात कोणाला माहीत नाही. बाकीच्या झाडांवर ही पाळी येऊ द्यायची का?

काही मोठी माणसे म्हणतात, "रान हिरवे आहे ना, मग झाले!" काही म्हणतात, "गोयाव विकून गरिबाला चार पैसे मिळतात." दुसरे म्हणणे आम्हांला पटते. म्हणून सगळा गोयाव तोडा असे आम्ही म्हणत नाही, आणि ते शक्यही नाही. पण उद्यानात काही तुकड्यांना कुंपण घालून तिथला गोयाव हाताने उपटतात. अशा ठिकाणी स्थानिक रोपे पुन्हा वर येताना दिसली आहेत. हे काम एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावे लागते. त्याला पैसे आणि माणसे मिळालीच पाहिजेत.

वर्गात एकाने विचारले, "गोयाव बाहेरचा म्हणून वाईट, तर आपण कोण? आपले पणजोबाही कोकणातून गिरमिटावर आलेच ना?" यावर आमच्यात खूप वाद झाला. शेवटी आमचे असे मत झाले की बाहेरून येणे हा दोष नाही. दुसऱ्याला जागाच न ठेवणे हा दोष आहे. आपल्या पूर्वजांच्या कोकणात देवराई असते. तिथली काडीही कोणी मोडत नाही. ती रीत आपण इथे का आणू नये?

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. गोयाव रस्त्याजवळचा तोडा, कुंपणाच्या आत जाऊ नका. स्थानिक झाडांची फुले-रोपे घरी आणू नका. गोयाव उपटणाऱ्यांना नावे ठेवू नका. आणि गंगा तलावाला जाल तेव्हा शेजारच्या पेत्रेनला थोडे थांबून ही झाडे मुलांना दाखवा. ओळख असेल तरच माया राहील.