पत्ते पाहून नाक मुरडण्याआधी थोडा हिशेब करा



आज जरा भांडायचं आहे, आणि तेही नातवंडांच्या पत्त्यांवरून. 'मॅजिक: द गॅदरिंग' हे नाव ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर नक्की आलं असेल. तिथे शुक्रवारी संध्याकाळी दुकानात टेबलं मांडून पोरं हा खेळ खेळतात. त्याच्याबद्दल आपल्या बायकांत दोन आरोप सारखे ऐकू येतात. पहिला, पत्ते म्हणजे जुगार, आणि द्यूत हे सप्तव्यसनांतलं पहिलं. दुसरा, एखादं पोरगं दोन पत्ते जोडून एका झटक्यात तिघांना हरवतं, त्याला 'कॉम्बो' म्हणतात, आणि ती चक्क लबाडी आहे. मला दोन्ही आरोप मान्य नाहीत.

आधी जुगाराचं बघू. हा खेळ 1993 मध्ये रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने काढला. सुरुवातीच्या नियमांत खरोखरच पण होता: प्रत्येकाने आपला एक पत्ता डावावर लावायचा आणि जिंकेल त्याने सगळे न्यायचे. हा जुगारच होता, त्याला दुसरं नाव नाही. पण ती पद्धत पुढे मागे पडली आणि त्या पणाशी संबंधित पत्ते स्पर्धांतून बाद झाले. आज जुगाराचा वास येतो तो टेबलावर नव्हे, दुकानात. बंद पाकीट फोडेपर्यंत आत काय निघेल ते कळत नाही. भारी पत्ता निघेल या आशेने दुसरं पाकीट, मग तिसरं. गंमत अशी की हीच पाकिटं घरातली मोठी माणसं वाढदिवसाला कौतुकाने देतात, आणि मन लावून कॉम्बो रचणाऱ्या पोराला मात्र बोल लावतात!

कॉम्बो रचणं हे नशिबावर हवाला ठेवण्याच्या अगदी उलट आहे. मी कॉमर्सची, म्हणून आकड्यांतच सांगते.

चौघांनी मिळून खेळायचा 'कमांडर' हा प्रकार घ्या. प्रत्येकाचे शंभर पत्ते. त्यातला एक सेनापती, तो वेगळा ठेवतात आणि केव्हाही खेळता येतो. उरले 99. साध्या जमिनीचे पत्ते सोडले तर कुठलाही पत्ता एकदाच घेता येतो. प्रत्येकाला 40 प्राण, म्हणजे समोरच्या तिघांचे मिळून 120.

आता एक प्रसिद्ध जोडी. 'सँग्विन बाँड' म्हणतो, तुझे प्राण जितके वाढतील तितके एका प्रतिस्पर्ध्याचे कमी. 'एक्स्क्विझिट ब्लड' म्हणतो, प्रतिस्पर्ध्याचे जितके कमी होतील तितके तुझे वाढतील. नावं ऐकून कानावर हात ठेवावेत अशीच आहेत, पण आत नुसती जमा-नावे आहे. याची जमा त्याची नावे, त्याची नावे याची जमा. फेरा सुरू झाला की तिघांचे 120 प्राण संपेपर्यंत थांबत नाही.

पण हे दोन पत्ते हातात यायला हवेत ना? सुरुवातीचे सात आणि आठ वेळा ओढलेले आठ, असे पंधरा पत्ते पाहिले तरी दोन्ही मिळण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन. नशिबाच्या भरवशावर बसणारा इथेच बुडतो. विचार करणारं पोरगं काय करतं? 'व्हिटो' नावाचा एक पत्ता सँग्विन बाँडचंच काम करतो आणि तो सेनापती होऊ शकतो. म्हणजे अर्धी जोडी कायम हाताशी. उरलेल्या अर्ध्या भागासाठी एक्स्क्विझिट ब्लड, तेच काम करणारा 'ब्लडथर्स्टी काँकरर', आणि गठ्ठ्यातून हवा तो पत्ता शोधून आणणारे आणखी दोन. असे चार झाले. त्या पंधरा पत्त्यांत चारांपैकी एक तरी असण्याची शक्यता शंभरात जवळजवळ एकोणपन्नास. दोनाचे एकोणपन्नास झाले ते नशिबाने नाही, मांडणीने.

एवढ्यावर भागत नाही. व्हिटोला तीन माना लागतात, एक्स्क्विझिट ब्लडला पाच. माना म्हणजे खेळातलं चलन. एका फेरीत साधारणपणे जमिनीचा एकच पत्ता मांडता येतो, म्हणून पैसे साठवावे तसं साठवायचं. शिवाय हे दोघे आपणहून सुरू होत नाहीत. चुलीवर सगळं रचलं, पण काडी हवी. कुठून तरी एक प्राण वाढवून देणारा छोटा पत्ता लागतोच. आणि समोर एक नाही, तीन डोकी बसलेली. व्हिटो दिसला की तिघंही सावध होतात. त्यांच्यापैकी कुणीही मध्येच त्याला उडवलं तर फेरा तिथेच थांबतो. म्हणून दुसरा पत्ता कधी काढायचा, कुणाची माना संपल्यावर काढायचा, मोडला तर पुढे काय, हे सगळं आधी ठरवावं लागतं. याला लबाडी म्हणायचं असेल तर महिनाअखेरचं घरखर्चाचं गणित जुळवणारी प्रत्येक बाई लबाड ठरेल.

यावर कुणी म्हणेल, बाकीचे तिघं गप्पा मारत, मजेत खेळायला बसले होते, त्यांची संध्याकाळ वाया गेली त्याचं काय? हे म्हणणं मात्र खरं आहे. पण त्यावरचा उपाय कॉम्बोवर बंदी हा नाही. बसण्याआधी सांगणं, हा आहे. 2025 च्या सुरुवातीला खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनेच कमांडरसाठी पाच पायऱ्या मांडल्या. खालच्या दोन पायऱ्यांवर दोन पत्त्यांचा न संपणारा कॉम्बो नको, तिसरीवर तो डावाच्या सुरुवातीला नको, वरच्या दोन पायऱ्यांवर मोकळीक. कुठल्या पायरीवर खेळायचं ते चौघांनी आधी बोलून घ्यायचं. "माझ्या डेकमध्ये असा कॉम्बो आहे, चालेल ना?" हे एक वाक्य बोललं की लबाडीचा प्रश्नच उरत नाही. ते लपवून जिंकलं, तर खुशाल रागवा. तिथे मी तुमच्या बाजूने.

तेव्हा मैत्रिणींनो, नातवाच्या हातातले पत्ते काढून घेण्याआधी त्याला शेजारी बसवून तीन गोष्टी विचारा. जोडी कुठली? ती मिळण्याची शक्यता किती? आणि समोरच्यांना आधी सांगितलंस का? पहिल्या दोन प्रश्नांवर तो अर्धा तास बोलेल, बोलू द्या. तिसऱ्यावर अडखळला तर कान धरा. आणि वाढदिवसाला बंद पाकीट देऊ नका. त्याला नेमका कुठला पत्ता कमी पडतोय ते विचारा आणि तेवढा एकच सुटा घेऊन द्या.