चाळे कोणाचे?

गॅदरिंगच्या एकांकिकेत एखादे वेडे पात्र आले, की ते हात थरथरवते, तोंड वाकडे करते, जीभ बाहेर काढते. टाळ्या पडतात. माझे म्हणणे असे की, आपण वेडाचे म्हणून ज्या चाळ्यांना हसतो, त्यातले कितीतरी औषधाचे असतात.

आमच्या आळीतील एका काकांना स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी त्यांना ऐकू येणारे आवाज थांबले आणि येरझारा सुरू झाल्या. दोन घास घेतले की ते पाटावरून उठत. घरचे म्हणाले, "पुन्हा डोके फिरले." काका म्हणत, "डोके ठीक आहे रे, पायच बसू देत नाहीत." या अवस्थेला 'अकॅथिझिया' म्हणतात, ग्रीक धातूंवरून अर्थ 'बसता न येणे'. दुर्दैव असे, की या तगमगीलाच आजार समजून कधी कधी मात्रा वाढवली जाते आणि तगमग आणखी वाढते. काकांच्या बाबतीत तेच झाले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मात्रा उतरवली, तेव्हा कुठे ते पुरते जेवू लागले.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांना प्रथम दिले गेले, तेव्हापासून हा प्रश्न आहे. ही औषधे मेंदूतील डोपामाइनचे काम अडवतात. पण शरीराच्या हालचालींचा तोलही डोपामाइनच सांभाळते. म्हणून कंपवातासारखी थरथर येते, चेहरा कोरा पडतो. कोणाची मान पहिल्या काही दिवसांतच वाकडी होते, डोळे वर जातात. अशा वेळी एका इंजेक्शनने सुटणाऱ्या दुखण्यासाठी मांत्रिक बोलावला जातो! तोंडाचे सततचे चघळणे मात्र बहुधा अनेक महिन्यांनी, वर्षांनी सुरू होते आणि औषध थांबवूनही कधी कधी राहते.

मग गोळ्या फेकाव्यात काय? मुळीच नाही. काकांना माणसांत आणले ते त्यांनीच. मनाने गोळी बंद करणे तर घातकच. माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. पण चिठ्ठी लिहिता लिहिता पुढच्या नंबराला हाक मारणाऱ्या दवाखान्यात तो मागायचा कोणी? रुग्ण बिचारा बोलला, तरी त्याचे बोलणे आजारात जमा होते. तेव्हा सोबत जाणाऱ्यानेच विचारावे. येरझारा कधीपासून, गोळी बदलल्यावर किती दिवसांनी, झोपेत थांबतात का, हे वहीत लिहून न्यावे आणि ती वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवावी.