इसार देण्यापूर्वी फेरफार वाचा



कळसच्या शिवारात रान घेताना आपण माती पाहतो, विहिरीचे पाणी पाहतो. कागद मात्र मध्यस्थावर सोडतो. सातबारा हा महसुलाचा उतारा, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा तपासा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, वतनाची वा पुनर्वसनाची असेल, तर सरकारी परवानगीवाचून व्यवहार अडकतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत लेकींना मुलाइतकाच हक्क आहे. त्यांच्या सह्या नसलेले खरेदीखत म्हणजे उद्याचा दावा. मोजणीशिवाय बांध मानू नका. ज्वारी-कापसाचा पैसा पुन्हा उभा राहायला वर्षे लागतात. इसार देण्याआधी कागद बैठकीत आणा. आपण मिळून वाचू.